गलबताची जागा

“मना भ्या वाटतं,” असं तो दर फेरीला होडीत पाय ठेवण्याआधी म्हणायचा. पुटपुटायचा नाही. बंदरावर जाळी सोडवत बसलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणायचा. मग कपाळाला, छातीला, दोन्ही खांद्यांना हात लावून क्रूस करायचा आणि होडीत चढायचा.

तुम्ही सकाळच्या वेळी एखाद्या मासळी बंदरावर उभे राहिला असाल तर तुमच्याही लक्षात आलं असेल. तिथे शिव्या, थट्टा, डिझेलचा भाव, क्रिकेट, सगळं मोठ्याने चालतं. भीतीचं नाव मात्र कोणी काढत नाही. हा एकटा काढायचा. आणि गंमत अशी की त्या गावातला सगळ्यात पट्टीचा तांडेल, म्हणजे होडी चालवणारा कप्तान, तोच होता. आयुष्यभर दर्यात जाऊन त्याने एक माणूस गमावला नव्हता की एक होडी. पहिल्यांदा मी विचारलं, “काका, तुम्हालाही भीती वाटते?” तर म्हणाला, “ज्याला वाटत नाय, त्याच्या होरीत तू बसू नको, मास्तर.”

मास्तर म्हणजे मी. मी कुणाचा मास्तर नव्हतो. अर्थशास्त्रात एम.ए. करून एका संशोधन संस्थेत लागलो होतो आणि माझं काम होतं मासे मोजण्याचं. बोरिवलीहून बसने खाडीपर्यंत जायचं, फेरीबोटीने पलीकडे उतरायचं, आणि टोपल्या बंदरावर आल्या की त्यातले काही मासे लाकडी पट्टीवर ठेवून लांबी लिहून घ्यायची, पोट दाबून आत गाबोळी, म्हणजे अंडी, आहे का पाहायचं. मासेवाल्या बायकांना माझी फार करमणूक व्हायची. “मास्तर, आमचा बोंबील पास केला का नापास?” असं विचारून त्या एकमेकींच्या पाठीवर थापा मारायच्या.

गावाचं नाव मी सांगणार नाही. गोराईच्या बाजूचं, एवढं पुरे. पुढे ज्या खुणा येतील त्याही मी मुद्दाम चुकीच्या लिहिल्या आहेत. माझ्या तोंडाने एकदा घात केलेला आहे, त्यामुळे लिहितानाही मला धाकधूक वाटते आहे.

तांडेल माझ्याशी बोलू लागला तो एका पापलेटामुळे. तळहाताहून लहान पापलेटांची टोपली एका तरण्या नाखव्याने, म्हणजे होडीच्या मालकाने, आणली होती. तांडेलाने त्यातलं एक उचललं, माझ्या पट्टीवर आणून ठेवलं आणि नाखव्याला म्हणाला, “बघ, मास्तरची पट्टीपन लाजली. सा महिने थांबला असतास तं एकाचे चार झाले असते.” नाखवा हसत म्हणाला, “मी थांबलो असतो हो काका, पण बाजूचा थांबला असता का?” तांडेलाने ते पापलेट परत टोपलीत टाकलं. मला मात्र ते वाक्य चांगलंच लागलं. मी माझ्या प्रबंधात तेच सांगायला वीस पानं आणि पंधरा समीकरणं खर्च केली होती, आणि त्यावर उपाय काय, ते त्या पानांतही नव्हतं.

उपाय त्या गावात होता. मला तो दिसत नव्हता, इतकंच.

गावासमोर होडीतून मागे पाहताना चर्चचा क्रूस आणि एका टेकडीचं टोक एका रेषेत आलं की तिथून थोडं पुढे एक जागा होती. तिला गलबताची जागा म्हणत. फार पूर्वी तिथे एक गलबत माणसांसकट बुडालं, आणि तिन्हीसांजेला भरती थांबते त्या घटकेला ती माणसं खालून फळ्या ठोकतात, असं गावातलं शेंबडं पोरही सांगायचं. तिथे जाळं टाकलं तर फाटणार. आणि जाळं वाचलं तर घरातलं माणूस जाणार. कॉम्प्युटर शिकलेली पोरं, भुताखेतांची टवाळी करणारे, चर्चमध्ये पाऊल न टाकणारे, सगळे त्या जागेला वळसा घालून जायचे. मी त्याला अंधश्रद्धा म्हणायचो आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटायचो.

पावसाळ्याची मासेमारीबंदी उठून थोडे दिवस झाले होते. एका संध्याकाळी तांडेल म्हणाला, “तुझं ते तल दाखवनारं यंत्र घे आनि चल.” संस्थेने मला तळ दाखवणारं एक लहान यंत्र दिलं होतं. त्याच्या बारक्या होडीतून आम्ही दोघंच निघालो. क्रूस आणि टेकडी एका रेषेत आली तशी मी होडीची कड घट्ट धरली. अंधश्रद्धेवर भाषण देणं वेगळं आणि त्या जागेवर होडीचं मशीन बंद करून बसणं वेगळं.

“झोप,” तो म्हणाला.

“काय?”

“पालथा झोप. कान फलीला लाव.”

मी होडीच्या ओल्या फळीला कान लावला. आधी नुसतं पाणी थपथपत होतं. मग खालून कोणीतरी एकदा ठोकलं. थांबून पुन्हा दोनदा. आणि मग चारी बाजूंनी, जवळून, लांबून, शेकडो मुठी लाकडावर आपटाव्यात तसा आवाज सुरू झाला. फळी कानाखाली थरथरत होती. मी उठायला गेलो तर तांडेलाने माझ्या पाठीवर हात ठेवला.

“घोल हाय,” तो हळूच म्हणाला.

“कोण?”

“घोल रं, मासा. अंडी घालाला इथं जमते. नर पोटातून वाजवतो, मादीला बोलावतो. ऐक नीट.”

घोळ पोटातला फुगा हलवून आवाज करते हे मी पुस्तकात वाचलेलं होतं, संस्थेत लागतानाच्या परीक्षेत लिहिलंही होतं. तरी त्या क्षणी ते सुचलं नाही. मी यंत्राकडे पाहिलं. तळ सपाट होता, नुसता गाळ. गलबत सोडाच, एक दगडही नव्हता.

“मग गलबत?”

“गलबत नाय. कदीच नव्हतं.”

परतताना त्याने सगळं सांगितलं. त्याच्या आज्याने की पणज्याने, कोणी ते त्यालाही माहीत नव्हतं, पण कोणीतरी ही जागा ओळखली. इथली घोळ सुखरूप अंडी घालून गेली तर चारी बाजूंच्या जाळ्यांत मासा येतो. इथेच मारली तर कुठेच येत नाही. हे समजावून कोणी ऐकलं नसतं. म्हणून त्या शहाण्या माणसाने आवाज होता तोच घेतला आणि त्याला एक गलबत जोडून दिलं. तेव्हापासून एका पिढीत एकालाच खरं सांगायचं, बाकीच्यांना भीती सांगायची.

“मग मला का सांगता?”

“पोरगा दिंडोशीच्या कोर्टात कारकून हाय. चांगला हाय, पन त्याला दर्याचं काय परलं नाय. तू मोजतोस. तुना कलेल.” मग म्हणाला, “तुझं तोंड मोठं हाय पन. त्याचं मना भ्या वाटतं.”

मी छाती फुगवून म्हणालो, “काका, माझ्यावर विश्वास ठेवा.”

पण खरं सांगायचं तर मला ती व्यवस्था पटत नव्हती. भुताच्या जिवावर किती दिवस? आज ना उद्या एखादा पोरगा यंत्र घेऊन तिथे जाईल आणि सगळं उघडं पडेल. त्यापेक्षा गावाने मिळून ठराव करावा, अंडी घालायचे महिने ती जागा बंद ठेवावी, नकाशावर रेघ असावी. मी त्याला हे सुचवलं तेव्हा तो म्हणाला, “कागद वाचतील रं सगले. कागदाला भितो कोन?” मी ते हसण्यावारी नेलं आणि संस्थेकडून मच्छीमार सोसायटीच्या हॉलमध्ये सभा ठरवून घेतली. घोळीचं नाव काढायचं नाही, ‘मासळीच्या वाढीसाठी एक पट्टा राखीव’ एवढंच बोलायचं, असं मी पक्कं ठरवलं होतं.

सभेला तीस-चाळीस मालक आले होते. तांडेल मागच्या बाकावर बसला होता. मी नकाशा लावला. तोच तरणा नाखवा उठला आणि म्हणाला, “मास्तर, ही तर गलबताची जागा. तिकडं तसंही कोण मरायला जात नाय. जिथं आम्ही जातच नाय ती बंद करून दाखवता? काय यार, सरकारी काम!” हॉलमध्ये हशा पिकला. मागून कोणीतरी म्हणालं, “मास्तर भुताला रिझर्व्हेशन देतायत!” पुन्हा हशा.

मला हसलेलं सहन होत नाही. लहानपणापासूनची खोड आहे. मी तावातावाने म्हणालो, “तिथे गलबतबिलबत काही नाही! मी स्वतः यंत्र लावून पाहिलंय. सपाट गाळ आहे. आवाज येतो तो घोळीचा. घोळ जमते तिथे.”

हॉल एकदम शांत झाला. घोळ हा साधा मासा नाही. तिच्या पोटातला तो फुगा, त्याला बोत म्हणतात, घ्यायला लांबलांबचे व्यापारी येतात. एका मोठ्या घोळीत घराचं छप्पर बदलतं. त्या शांततेत प्रत्येक जण काय विचार करतोय ते मला ऐकू येत होतं. मी मागच्या बाकाकडे पाहिलं. तांडेल उठला, त्याने बाकाखालच्या चपला पायाने शोधल्या आणि बाहेर गेला. मी पुढे अर्धा तास काय बोललो ते मला आठवत नाही.

चार दिवसांनी नाखवा तिथे गेला. पहिल्यांदा गेला तेव्हा तोही घाबरलेला होता, होडीला मोठा क्रूस बांधून गेला होता. परत आला तेव्हा होडी पाण्यात इतकी दबली होती की बंदरावरच्या बायका किंचाळल्या. घोळ, घोळ आणि घोळ, उभी केली तर कमरेला लागेल एवढी एकेक. गाड्या घेऊन व्यापारी आले. कोणीतरी पेढे वाटले. मी पट्टी घेऊन बसलो आणि मोजत गेलो. एकूण एक मादी गाबोळीने भरलेली होती. नाखव्याने एक गाबोळी वर्तमानपत्रात गुंडाळून सगळ्यांसमोर माझ्या हातात ठेवली. “मास्तर, तुमच्यामुळं!”

तांडेल दहा पावलांवर उभा होता. माझ्याकडे बघत नव्हता, त्या ढिगाकडे बघत होता. ती गाबोळी घरी तळली, पण मला एक तुकडाही गिळवला नाही.

त्यानंतर रोज पाच-सहा होड्या तिथे जाऊ लागल्या. मला रात्री झोप येईना. या वेगाने दोन महिन्यांत तिथे काही उरणार नाही, हे मला माझ्याच वहीवरून दिसत होतं, आणि एकदा मोडलेला असा जमाव पुन्हा जमतोच असं नाही. मी नाखव्याला जाऊन सांगितलं. तो म्हणाला, “मी बंद करतो, तुम्ही बाकीच्या पाचांना बंद करून दाखवा.” मी तांडेलाच्या घरी गेलो. शिवी देईल, हाकलून देईल, अशा तयारीने गेलो होतो. तो अंगणात त्या बारक्या होडीचा रंग खरवडत बसला होता.

“काका, चुकलो.”

“हं.”

“आता काय करायचं?”

“बघू,” तो म्हणाला आणि खरवडत राहिला. जुना निळा रंग निघून खालचं काळं लाकूड दिसत होतं. मला वाटलं, नवा रंग लावणार.

पुढचे दोन आठवडे तो एक विचित्र काम करत होता. किनाऱ्यावरची जुनी भिंत तोडून ढीग पडला होता. त्यातले सळया बाहेर आलेले काँक्रीटचे तुकडे तो होडीत भरून न्यायचा. कोणी विचारलं तर सांगायचा, खाडीकडे घराच्या बांधाला टाकतो. म्हातारा माणूस, नसता उद्योग, म्हणून कोणी लक्ष दिलं नाही. मीही नाही.

मग एका रविवारी, मिस्सा चालू असताना, सगळं गाव चर्चमध्ये असताना, तो एकटा गेला. दुपारी त्याच नाखव्याला तो पाण्यात सापडला, कमरेला दोन रिकामे प्लॅस्टिकचे कॅन बांधलेला. तिथल्या खडकांजवळ होडी बुडाली, असं तांडेल म्हणाला. गलबताच्या जागेपासून ते खडक बरेच लांब होते. बंदरावर आणलं तेव्हा मी तिथे होतो. ओठ निळे पडले होते, दात वाजत होते, आणि डोळ्यांत मी आजवर कुठल्याही माणसाच्या डोळ्यांत न पाहिलेली भीती होती. तो एकटा त्या पाण्यात किती तास होता, कोण जाणे. काकी, म्हणजे त्याची बायको, त्याला घोंगडीत गुंडाळत होत्या.

त्या आठवड्यात गलबताच्या जागेवर तीन जाळी फाटली. तिसऱ्या जाळ्यात एक काळी फळी अडकून आली, गंजक्या खिळ्यांची. ती फळी बंदरावर टाकली तेव्हा तिच्याजवळ जायला कोणी तयार होईना. नाखव्याचा चेहरा पांढरा पडला होता. “हाय तिथं,” तो म्हणाला. “तुमचं मशीन खोटं, मास्तर. आमची आजी खरी.” त्याच आठवड्यात त्याच्या भावाला ताप आला आणि मग काही विचारू नका. पंधरा दिवसांत ती जागा पुन्हा ओस पडली.

मी तांडेलाकडे धावलो. तो खाटेवर बसला होता. मी दार लोटून घेतलं आणि खाटेशी जाऊन बसलो.

“आता हाय गलबत,” तो म्हणाला. “आता खोटं नाय.” मग माझं मनगट धरून म्हणाला, “या खेपेला तोंड उघरलंस तं मी मेलो, मास्तर.”

मी शपथ घेतली. पण त्या शपथेची किंमत मला तेव्हा कळली नव्हती, कारण ती मी भरणार नव्हतो, तो भरणार होता. शांत दर्यात, भर दिवसा होडी बुडवून आलेला तांडेल! पोरं त्याला हाक मारायची, “काका, होडी कुठं पार्क केली?” त्या गावात एक रीत होती. वर्षातून एकदा होड्यांना आशीर्वाद देतात तेव्हा फादरना घेऊन जाणारी पहिली होडी अशा तांडेलाने चालवायची, ज्याने दर्याला ना माणूस दिलं ना होडी. कितीतरी वर्षं तो मान याचा होता. त्या वर्षी तो दुसऱ्याला गेला. हा किनाऱ्यावर बायकांच्या घोळक्यामागे, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून उभा होता. पोरांनी हात केला, यानेही हात केला. मी तोंड मिटून त्याच्या शेजारी उभा राहिलो. मला रडू येत होतं.

मला पाहिलं की तो एकच विचारायचा, “ऐकलंस?” मी भाड्याची होडी घेऊन संध्याकाळी त्या जागेच्या कडेला जायचो आणि फळीला कान लावायचो. काही नाही. महिने गेले, बंदी आली, उठली. तरी काही नाही. भुताला घाबरून पडलो होतो त्याच जागी आता मी आवाज येत नाही म्हणून घाबरून पडायचो. आणि एके दिवशी खालून ठोकल्यासारखं झालं. एकदा. बऱ्याच वेळाने आणखी दोनदा. शेकडो नव्हे, चार-पाच असतील.

तो तेव्हा अंथरुणाला खिळला होता. छातीत पाणी झालं होतं. तरी पडल्या पडल्या फाटक्या जाळ्याचा तुकडा पोटावर घेऊन गाठी मारायचा, एकसारख्या, बारीक. मी कानाशी वाकून सांगितलं. मला वाटलं, हसेल. तो हसला नाही. त्याने दाराकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं, आणि मला म्हणाला, “हलू बोल.”

त्यानंतर आठ दिवसांत तो गेला.

सातव्या दिवसाच्या मिस्सानंतर सगळे त्याच्या अंगणात जमले. काकींनी कॉफी केली होती. दहा-बारा होड्यांचे मालक खुर्च्यांवर बसले होते, आणि बोलता बोलता गोष्ट यायची तिथेच आली. नाखवा वाईट मनाचा नव्हता, त्याने चुकचुकत म्हटलं, “एवढा मोठा तांडेल, पण शेवटाला नाव घालवलं यार. दर्या ताटातल्या पाण्यासारखा होता त्या दिवशी.” दोघं-तिघं हसले आणि घर दुःखाचं आहे हे आठवून गप्प झाले.

तांडेलाचा मुलगा भिंतीला टेकून उभा होता, काळा कोट घालून. तो माझ्याजवळ आला. सगळ्यांना ऐकू जाईल असं त्याने विचारलं, “मास्तर, तुम्ही बाबांबरोबर फिरायचात. बाबांची चूक होणं शक्यच नाही. काय झालं असेल हो?”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्याला बाजूला घेऊन सांगावं असं फार वाटलं. पण नाखवा कप हातात धरून ऐकत होता, आणि मी माझ्या तोंडाला ओळखून होतो.

“वय झालं होतं त्यांचं,” मी म्हणालो. “शेवटी शेवटी हात थरथरायचे.”

मुलाने मान खाली घातली. काकी ट्रे घेऊन माझ्यासमोरच उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं.

“होय,” त्या मोठ्याने म्हणाल्या, “लय थरथरायचे.” आणि रिकामे कप गोळा करून आत गेल्या.